अब्जात एकशे एक्केचाळीस

लग्नाच्या चौथ्या वर्षी केतकी सावेने नवऱ्यापासून एक आकडा लपवायला सुरुवात केली. त्यात रुसवाफुगवा नव्हता. आकडा लपवणं हीच तिची नोकरी होती, आणि ज्यांच्यापासून तो लपवायचा त्यांत ऋत्विज पाठारेचं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं नाव सगळ्यात वर होतं.

दोघंही काळखडीच्या मूलकण प्रयोगशाळेत काम करत. मनमाड सोडून उत्तरेला निघालं की सातमाळ्याच्या डोंगरांना टेकून काळ्या खडकाचं एक रुंद पठार लागतं. त्या खडकाच्या पोटात दालन कोरून एक प्रचंड चुंबकीय वलय बसवलं होतं. त्यात म्यूऑन नावाचे कण फिरवायचे. म्यूऑन हा इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण दोनशे पट वजनदार आणि अत्यंत अल्पायुषी. चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डोलतो. त्या डोलण्याचा वेग आजवर कुणी मोजला नसेल इतक्या अचूकपणे मोजायचा, हे काळखडीचं काम. जगभरातली चारशे माणसं त्यासाठी राबत होती. आकडेमोड आता बुद्धिमान यंत्रंच करत, पण कोणत्या चुकीपोटी किती वजावट धरायची हे अजून माणसंच ठरवत.

ऋत्विजची आई पालघरहून आठवडाभर राहायला आली होती तेव्हा तिने नाश्त्याच्या टेबलावर सरळ विचारलं, "मला एक सांग केतकी. पेपरात येतं की तुम्ही तिथे आभासी कण बघता. दिसतात का गं ते?"

"नाही दिसत, आई."

"मग बघता काय इतकी वर्षं?"

ऋत्विज हसला. "सांग आता," तो म्हणाला.

केतकीने पोह्यांची बशी बाजूला सरकवली. "निर्वात म्हणजे आपण रिकामी जागा समजतो. पण आमचं गणित म्हणतं, ती रिकामी नसते. तिथे कण क्षणभर उसने येतात आणि नाहीसे होतात. ते आभासी. यंत्रात ठिपका उमटवायचा तर कणाकडे खरीखुरी ऊर्जा हवी, आणि ती असली की तो आभासी राहत नाही, खराच होतो. म्हणून आभासी कण कुठल्याच यंत्रात पकडता येत नाही. आजही नाही, उद्याही नाही. पण म्यूऑन त्यांच्या गर्दीतून जातो ना, त्यांचा धक्का लागून त्याचं डोलणं किंचित बदलतं. आम्ही ते डोलणं मोजतो."

आईंनी जरा विचार केला. "म्हणजे सुनेचा राग दिसत नाही, भांडी आपटल्याचं ऐकू येतं. तसं."

"अगदी तसं," केतकी म्हणाली. "आणि आम्हाला माहीत असलेल्या सगळ्या सुना मोजून झाल्यावरही आवाज जास्त आला, तर समजायचं की घरात आणखी कुणीतरी आहे. आजवर कुणालाच माहीत नसलेला एखादा नवा कण."

"आणि तिथे कुणी नसलंच तर? नुसताच आवाज असला तर?"

"तसंही म्हणणारे शास्त्रज्ञ आहेत. आभासी कण या फक्त आमच्या गणितातल्या पायऱ्या, निसर्गात असं काही ये-जा करतच नाही, असं म्हणतात. त्यावर वाद होऊ शकतो, आई. डोलण्यावर होऊ शकत नाही. डोलणं खरं आहे."

हे डोलणं मोजायचं तर घड्याळ लागतं, आणि तिथेच केतकीचं काम सुरू होई. माणसाला कोणतं उत्तर हवंय हे त्याला माहीत असलं की तो नकळत त्या उत्तराकडे सरकतो. चांगल्यात चांगला शास्त्रज्ञही सरकतो. म्हणून काळखडीचं घड्याळ मुद्दाम किंचित चुकीचं चालवलं जाई. किती चुकीचं, ते केतकीला ठाऊक होतं आणि प्रयोगाशी संबंध नसलेल्या दुसऱ्या एका शास्त्रज्ञाला. विश्लेषण करणारे चारशे जण त्या चुकीच्या ठोक्यांवरच आपलं गणित मांडत. सगळं गणित पक्कं झालं, सगळ्यांनी सह्या केल्या, की मगच तो आकडा सांगायचा आणि खरं उत्तर उघड करायचं. त्यानंतर कुणी एक टिंबही बदलायचं नाही.

घड्याळाची खोली विश्लेषकांना बंद होती. खरं घड्याळ जमिनीखाली तांब्याच्या दुहेरी पेटीत होतं. वर टेबलाशेजारच्या कपाटात केतकीने आणखी एक घड्याळ चालू ठेवलं होतं. ते पत्र्याच्या साध्या डब्यात होतं, त्यावर "मुख्य" अशी पट्टी होती, आणि त्याची चूक खऱ्या घड्याळाच्या चुकीपेक्षा वेगळी होती. कुणी कधी कान लावलाच तर त्याला चुकीचा आकडा मिळावा, एवढाच हेतू. ही तिची स्वतःची कल्पना होती. ते घड्याळ कशातच वापरलं जात नसल्यामुळे त्याबद्दल कुणाला सांगावं असंही तिला वाटलं नव्हतं.

घरात या गुपिताची थट्टा चाले. "आज वाढदिवस माझा," ऋत्विज म्हणे, "निदान शेवटचा अंक तरी सांग." ती भाजी वाढत म्हणे, "शेवटचा अंक म्हणजे एकअंकी संख्या आहे. घे."

थट्टेखाली त्याची भीती असे, ती तिला माहीत होती. लग्नाआधी तो परदेशातल्या एका प्रयोगात होता. तिथे त्याच्या गटाने मोठा शोध जाहीर केला आणि काही महिन्यांत तो मागे घ्यावा लागला. एका दुरुस्तीत अधिकच्या जागी वजा पडलं होतं, आणि ती दुरुस्ती ऋत्विजची होती. त्यानंतर त्याला कुणी उभं करेना. काळखडीच्या संचालिका डॉ. शैलजा लोखंडे यांनी मात्र, बाकीचे नको म्हणत असताना, त्याला बोलावून घेतलं. "चूक केलेला माणूस दुप्पट तपासतो," त्या म्हणाल्या होत्या. त्याच्याकडे दुरुस्त्यांचंच काम दिलं. चुंबकाची असमानता, तापमान, म्यूऑनच्या झोताचा पसारा, या सगळ्यांपोटी किती वजाबाकी-बेरीज धरायची ते तो ठरवी. तो दुप्पट नाही, दहापट तपासायचा. जेवता जेवता हात थांबायचा आणि ओठ हलायला लागायचे.

शेवटच्या हंगामात केतकी दालनाच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा घोटा मोडला. घड्याळ सोडून जाणं शक्य नव्हतं. तिने घड्याळाच्या खोलीतच कॉट टाकून घेतली आणि प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून काम चालू ठेवलं. कॅन्टीनचं जेवण दाराबाहेर ठेवलं जाई. तिला कुबड्यांवर दारापर्यंत जाऊन ते आणायचं म्हणजे घाम फुटे.

एका दुपारी ऋत्विज दारात उभा राहिला. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा.

"फोन बाहेर ठेवलाय," तो म्हणाला. "दुसरं कुठलं यंत्रही जवळ नाही. तुझ्यासमोर बसतो, जेवायला घालतो आणि जातो. नियम मोडतोय हे मला कळतंय."

तिने त्याच्याकडे बघितलं. या माणसाला चहासुद्धा धड करता येत नव्हता, आणि त्याच्या बोटांना हळद लागलेली होती.

"ये," ती म्हणाली.

मग तो रोज आला. कॅन्टीनच्या आचाऱ्याकडून तो वरण-बट्टी शिकला. पहिल्या बट्ट्या दगडासारख्या झाल्या आणि दोघं हसून हसून दमले. नंतर त्या जमायला लागल्या. शेवभाजीत तिखट जास्त पडलं तर तो घरून ताक घेऊन पुन्हा यायचा. तो तिच्या पायाखालची उशी सारखी करायचा, केस विंचरून द्यायचा, कामाचा विषय काढायचा नाही. पिशवी तो नेहमी कपाटाजवळच्या स्टुलावर ठेवायचा. "खाली मुंग्या येतात," म्हणायचा. केतकीने बहिणीला फोनवर सांगितलं, "लग्नाआधीसुद्धा तो माझ्याशी असा वागला नव्हता. पाय मोडला ते बरंच झालं म्हणायचं." बहीण म्हणाली, "दृष्ट काढ."

प्लास्टर निघालं. हंगाम संपला. पुढचे काही महिने ऋत्विज खालमानेने काम करत राहिला. त्याने आपल्या काही दुरुस्त्या बदलल्या, त्यांची लांबलचक कारणं दिली, आणि सगळ्यांना ती पटली. दोन वेगळ्या गटांनी डोलणं मोजलं होतं, पण दुरुस्त्या दोघांच्याही त्याच होत्या. सह्या झाल्या.

उघडण्याचा दिवस उजाडला. सकाळी सभागृह खच्चून भरलं. पडद्यावर जगभरातले चेहरे. लोखंडे मॅडम पहिल्या रांगेत, ठेवणीतली इरकल नेसून. केतकीने व्यासपीठावर जाऊन आपला आकडा वाचला. बाहेरच्या शास्त्रज्ञाने पडद्यावरून तोच आकडा वाचला. जुळला. संगणकात भरला गेला.

पडद्यावर एकच ओळ आली. सैद्धांतिक उत्तरापासूनचा फरक: अब्जात एकशे एक्केचाळीस. मोजमापातल्या चुकीची मर्यादा: बारा.

फरक चुकीच्या मर्यादेच्या पाचपट असला तरी त्याला शोध म्हणतात. हा जवळजवळ बारापट होता. जुन्या प्रयोगांची मर्यादाच सव्वाशेच्या आसपास होती, म्हणून एवढा फरक त्यांच्या नजरेतून निसटला असणार हेही सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. म्यूऑनला आणखी कुणीतरी धक्का देत होतं. नवा, अज्ञात, जड कण. सभागृह उठून उभं राहिलं. मागून कुणी तरी ओरडलं, "दिसला!" आणि लोखंडे मॅडम डोळे पुसत वळून म्हणाल्या, "दिसला नाही रे, जाणवला. पण जाणवला!"

केतकी व्यासपीठावरच उभी होती. तिला गर्दीतला फक्त ऋत्विज दिसत होता. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. तो खुर्चीत बसूनच होता, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आनंदाने माणूस असा होत नाही. मग त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत विचारणा होती. जणू तिने काहीतरी केलं होतं.

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. एकशे एक्केचाळीस. हा आकडा आपल्या ओळखीचा आहे असं तिला वाटलं, आणि कुठून ओळखीचा आहे ते आठवताच व्यासपीठाचा कठडा तिने घट्ट धरला.

पेढे वाटले जात असताना ती घड्याळाच्या खोलीत गेली. कपाट उघडलं. पत्र्याच्या डब्यातलं घड्याळ मुकाट चालू होतं. तिने त्याची चूक मोजली, खऱ्या घड्याळाच्या चुकीतून वजा केली. एकशे त्रेचाळीस आले.

दोनाचा फरक होता. त्या दोनाला ती बराच वेळ धरून बसली. दोन म्हणजे योगायोग असू शकतो. निसर्गाला एकशे एक्केचाळीसच हवे असतील. खोटं घड्याळ कुणी ऐकलं, त्यावरून उत्तर काढलं, ते सैद्धांतिक उत्तराला जुळत नाही असं पाहून दुरुस्त्या वळवल्या, तरच खरा आकडा भरल्यावर नेमका त्या दोन घड्याळांमधला फरक उरेल. पण मग तो पुरताच उरायला हवा. दोन कमी का?

दुपारी ती क्वार्टरवर गेली. ऋत्विज सोफ्यावर बसला होता. बूटही काढलेले नव्हते.

"डब्याच्या पिशवीत काय असायचं?" तिने विचारलं.

कुठली पिशवी, असं त्याने विचारलं नाही.

"रिसीव्हर," तो म्हणाला. "घड्याळाचे ठोके टिपणारा, काडेपेटीएवढा. तळाच्या शिवणीत."

"रोज?"

"नाही. पहिले काही दिवस खरंच नुसता डबा होता, केतकी. शपथ. मग एकदा तू म्हणालीस की कपाटातून गुणगुण ऐकू येते, झोप लागत नाही. तेव्हा डोक्यात आलं."

ती समोरच्या खुर्चीवर बसली. "पुढे सांग."

"मला फक्त बघायचं होतं. माझं बरोबर आहे की नाही, एवढंच. कुणाला सांगायचं नव्हतं. आकडा मिळाला, घरी बसून उत्तर काढलं, तर ते एकशे एकोणचाळीसने खाली आलं. खाली! असं कुठल्या सिद्धांतात बसत नाही. मला वाटलं, झालं. पुन्हा झालं माझ्याकडून. पुन्हा कुठेतरी अधिक-वजा." त्याने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. "मग मी चुका शोधायला बसलो. माणूस शोधायला बसला की सापडतात. थोडं तापमानात, थोडं झोतात. सगळं जागेवर आलं. मला शोध नको होता गं. काहीही नवं नाही असं उत्तर यावं, लोकांनी दोन टाळ्या वाजवाव्यात आणि मला विसरून जावं, एवढंच हवं होतं."

"दोन कमी का?"

"मुद्दाम ठेवले. अगदी शून्य आलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांवर आलं असतं."

खिडकीबाहेर कुणीतरी फटाके लावत होतं. केतकीच्या हातातलं ते शेवटचं दोनही गेलं.

मग तोच एकदम म्हणाला, "तू कपाटात खोटं घड्याळ ठेवलं होतंस. सापळा लावला होतास माझ्यासाठी."

"सापळा होता. तुझ्यासाठी नव्हता."

"मग कुणासाठी?"

"कुणीतरी चोर येईल म्हणून ठेवला होता. त्यात तू माझ्या मनातच नव्हतास."

तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. नंतर हळू आवाजात म्हणाला, "गप्प बसता येईल. आणखी दोन ठिकाणी असे प्रयोग उभे राहतायत. ते मोजतील, त्यांना हा फरक सापडणार नाही, आपलं उत्तर आपोआप मागे पडेल. विज्ञान स्वतःला दुरुस्त करतं."

"विज्ञान काही करत नाही. कुणीतरी माणूस उठून करतो," ती म्हणाली. "आणि तोवर? त्या नसलेल्या कणाच्या मागे किती मुलं पीएचडी करतील? तो पकडायला कणांना वेग देणारा नवा त्वरक बांधा म्हणून मॅडम उद्या दिल्लीला जातील. मी तोंड मिटून त्यांच्या शेजारी बसू?"

"मी संपेन."

"हो," केतकी म्हणाली. तिला वाटलं होतं, हा शब्द उच्चारताना आपला आवाज फुटेल. फुटला नाही. तिला आठवत होती ती पायाखालची उशी. ती सारखी करताना तो कपाटाकडे बघत असेल का, हा एकच प्रश्न तिला विचारायचा होता, आणि तो विचारायची तिची हिंमत झाली नाही.

लोखंडे मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं. सकाळची इरकल अजून अंगावर होती, टेबलावर पेढ्यांचा अर्धा पुडा. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला.

"त्याला मी आणलं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांशी भांडून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि तू त्याला आत येऊ दिलंस."

"हो मॅडम."

"म्हणजे तुझंही काम जाणार. समजतंय ना?"

"समजून आलेय."

त्यांनी तिच्यासमोरच फोन उचलला आणि दिल्लीची भेट रद्द केली. बातमी बाहेर जायची थांबली, पण तोंडातोंडी ती गेलीच होती. दुसऱ्या दिवशी "नव्या कणाची चाहूल" असे मथळे होते, आणि त्यापुढच्या आठवड्यात "काळखडीत घोळ" असे.

चौकशीला तीन जणांची समिती बसली. बाहेरच्या विद्यापीठातल्या एक प्राध्यापिका अध्यक्ष होत्या. लांब टेबलाच्या एका टोकाला ऋत्विज, दुसऱ्या टोकाला केतकी. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"घड्याळाचा आकडा तुम्हाला कसा मिळाला?" अध्यक्षांनी विचारलं.

"केतकीने सांगितला," ऋत्विज म्हणाला. "घरी. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेला. रिसीव्हर वगैरे काही नव्हतं."

केतकीला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग लक्षात आलं. रिसीव्हर ठेवणं म्हणजे चोरी. बायकोच्या तोंडून निसटणं म्हणजे चूक, आणि तीही मुख्यतः बायकोची. कुणीतरी त्याला हा फरक समजावून सांगितला असणार. किंवा त्याला स्वतःलाच सुचला असेल. तो हुशार होता.

"तुमचं काय म्हणणं आहे?" अध्यक्षांनी तिला विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. तिने टेबलावरच्या ग्लासातलं पाणी प्यायलं.

"मी सांगितला असता," ती म्हणाली, "तर खरा सांगितला असता."

एवढंच. समितीतल्या एका सदस्याला ते कळायला एक क्षण लागला, मग त्याने पेन खाली ठेवलं. ऋत्विजकडे होता तो आकडा खोट्या घड्याळाचा होता. तो आकडा केतकीने कधीच कुणाला दिला नव्हता, देण्याचं कारणही नव्हतं. पत्र्याच्या त्या डब्याशेजारी बसून ऐकल्याशिवाय तो कुणाला मिळालाच नसता.

ऋत्विजने मान खाली घातली. तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं."

त्याला काढून टाकण्यात आलं. केतकीला विश्लेषकाला आत घेतल्याबद्दल घड्याळावरून हटवलं, आणि तिने उरलेली नोकरीही सोडली. नाशिकच्या एका कॉलेजात ती शिकवायला लागली. पालघरहून आईंचा फोन आला.

"तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तो माझा मुलगा आहे. मला तुझ्याशी बोलवत नाही गं."

"नका बोलू, आई. मी रागावणार नाही."

"तो कण नव्हताच का मग?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही. पुन्हा सगळं तपासतायत."

पुन्हा तपासायला वर्ष लागलं. काळखडीच्या प्रयोगात कधीच नसलेली, परक्या देशांतली माणसं आणली गेली. घड्याळाच्या आकड्यात त्यांच्यासाठी नवी गुप्त भर घातली, म्हणजे त्यांनाही अंधारातच काम करावं लागलं. त्यांनी दुरुस्त्या पहिल्यापासून मांडल्या. उघडण्याच्या दिवशी लोखंडे मॅडमनी केतकीला फोन करून आकडा सांगितला. फरक चार, मर्यादा बारा. म्हणजे काहीच नाही. म्यूऑन जसा डोलायला हवा तसाच डोलत होता. घरात नवीन कुणी नव्हतं.

"आणखी एक," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून केतकी कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसली.

त्यानंतर महिन्याभरात नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात तारीख होती. घटस्फोट संमतीने होता, भांडायला काही नव्हतं. ऋत्विज वेळेआधीच आला होता. बारीक झाला होता. तो बोईसरला मुलांच्या शिकवण्या घेत होता. लाकडी बाकावर तो तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला.

"पेपरात वाचलं," तो म्हणाला. "चार."

"हो."

"म्हणजे काहीच नव्हतं." तो जरा थांबला. "मला एक विचारायचं होतं. त्या दिवसांत, मी डबा घेऊन यायचो तेव्हा, तुला एकदाही संशय आला नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

त्याने मान हलवली. हे उत्तर त्याला नकोसं झालं असावं. तिला उठून खिडकीपाशी जाता आलं असतं. मॅडमनी सांगितलेली गोष्ट स्वतःजवळ ठेवता आली असती. पेपरात ती आली नव्हती, येणारही नव्हती. पण या माणसाचं आयुष्य एका प्रश्नावर मोडलं होतं, आणि त्या प्रश्नाचं उत्तर आता अस्तित्वात होतं. ते त्याच्यापासून लपवायची तिला आता कुणी नोकरी दिलेली नव्हती.

"ऋत्विज, त्या नव्या लोकांनी तुझ्या दुरुस्त्या शेवटी ताडून बघितल्या. दोन्ही वेळच्या. तू बदलल्यास त्या, आणि त्याआधीच्या."

तो तिच्याकडे बघायला लागला.

"आधीच्या बरोबर होत्या," ती म्हणाली. "सगळ्या. चिन्हासकट. त्यांनी वर्षभर राबून जे काढलं, ते तू आधीच काढून ठेवलं होतंस."

त्याचे ओठ हलले. तो मनात काहीतरी पुन्हा तपासत होता.

"म्हणजे मी ऐकलंच नसतं तर..."

"तर त्या दिवशी चार आले असते."

बाहेर वकिलांची वर्दळ चालू होती. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. ऋत्विजने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, तो आता रडेल. तो रडला नाही. त्याने फक्त अगदी हलक्या आवाजात, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल विचारावं तसं विचारलं, "सगळ्या?"

"सगळ्या," केतकी म्हणाली.

शिपायाने दारात येऊन दोघांच्या नावांचा पुकारा केला. केतकी उठली. तो उठेपर्यंत ती थांबली नाही.